शंका-समाधान : चिनी मातीवर भाजलेली छायाचित्रे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात पोर्सेलिनच्या चकतीवर किंवा एनॅमल (काचेचा भाजलेला लेप) चढवलेल्या तांब्याच्या पत्र्यावर माणसांची छायाचित्रे भट्टीत भाजून पक्की केली जात असत. थडग्यांवर, ब्रोच आणि लॉकेटमध्ये, कधी कपबश्यांवरही ती आढळतात. या छायाचित्रांविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : युरोपातील जुन्या दफनभूमींच्या चित्रांत थडग्याच्या दगडात बसवलेली लंबगोल पांढरी चकती दिसते आणि तीवरचा चेहरा शंभर वर्षे ऊन-पाऊस खाऊनही स्पष्ट असतो. अल्बममधले कागदी फोटो मात्र बंद कपाटातही पिवळे पडतात. दोन्ही छायाचित्रेच असताना टिकण्यात एवढा फरक कशामुळे पडतो?

उत्तर : फरक चित्र कशाचे बनले आहे यात आहे. त्या काळच्या कागदी छायाचित्रातील प्रतिमा म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या किंवा जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण होत. हवेतील गंधकयुक्त वायू, दमटपणा आणि नीट न धुतला गेलेला हायपो (फोटो पक्का करण्याचे रसायन) यांपैकी काहीही या कणांना पुरे पडते; चांदीचे रूपांतर होऊ लागते आणि काळा रंग आधी तपकिरी, मग पिवळट होत फिका पडतो. छायाचित्रण जन्मून दोन दशके होण्याआधीच ही अडचण इतकी गंभीर वाटू लागली होती, की लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने 1855 मध्ये फोटो का विटतात याचा शोध घेण्यासाठी खास समिती नेमली आणि राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी तिच्या कामासाठी 50 पौंड दिले. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये ड्यूक द ल्यूइन यांनी न विटणारी छायाचित्रे छापण्याची रीत शोधणाऱ्यांसाठी एकूण 10,000 फ्रँकची बक्षिसे जाहीर केली.

चिनी मातीवरचे छायाचित्र याच धडपडीतून आले. त्यातल्या प्रतिमेत चांदी नसते, जिलेटिन नसते, कागद तर नसतोच. तिथे असतात लोह, मँगनीज, कोबाल्ट यांसारख्या धातूंची ऑक्साइडे, म्हणजे कुंभकलेत आणि काचेवरच्या चित्रकामात शतकानुशतके वापरात असलेले रंग. हे रंग झिलईच्या पृष्ठभागावर सुमारे 700 ते 850 अंश सेल्सिअसला वितळून तिच्याशी एकजीव झालेले असतात. जे द्रव्य एकदा तांबड्यालाल भट्टीतून बाहेर पडले आहे, त्याला पुढे उन्हातली अतिनील किरणे किंवा पावसाचे पाणी सहसा काही करू शकत नाही. थोडक्यात, छायाचित्रणाने या प्रकारात फक्त कुठे किती रंग बसावा एवढेच ठरवले. ते काम झाल्यावर छायाचित्रणाची सगळी रसायने भट्टीत जळून गेली. मागे उरले ते प्रकाशाने रेखाटलेले आणि कुंभाराच्या रंगांत उतरलेले चित्र. पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांत आपल्याला याच मुद्द्याकडे यावे लागणार आहे.

थडग्यांवरच्या चकत्यांची प्रथा फ्रान्स आणि इटलीपासून पूर्व युरोपापर्यंत पसरली, आणि स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेली. इलिनॉय राज्यातील ओक पार्क येथे 1893 मध्ये सुरू झालेली डेडूश कंपनी केवळ अशा चकत्यांसाठी ओळखली जात होती, आणि 1920 च्या दशकापर्यंत तर सीअर्स रोबक कंपनीच्या टपालाने माल मागवण्याच्या सूचीपत्रातही थडग्यासाठीची पोर्सेलिनवरची छायाचित्रे मिळू लागली होती.

प्रश्न : या तंत्राचा जनक कोणाला म्हणावे? वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी नावे वाचायला मिळतात.

उत्तर : बहुतेक ठिकाणी ब्यूलो आणि कातँ या दोन फ्रेंच छायाचित्रकारांचे नाव पहिले येते, कारण छायाचित्र एनॅमलवर किंवा पोर्सेलिनवर भाजून पक्के करण्याच्या रीतीचे पेटंट त्यांनी 1854 मध्ये घेतले. पण पेटंट घेणे आणि एखादी कला उभी करणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीचे श्रेय प्येर-मिशेल लाफों द कामार्साक यांना द्यावे असे माझे मत आहे. त्यांनी 1855 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे छायाचित्रणाचा कुंभकला, एनॅमल, जवाहिऱ्यांचे काम आणि काचचित्रे यांत उपयोग कसा करता येईल याविषयीचा निबंध मांडला, आणि नंतरची अनेक वर्षे एनॅमलवरच्या छोट्या व्यक्तिचित्रांचा व्यवसाय असा केला, की ‘छायाचित्र एनॅमल’ म्हटले की त्यांचेच नाव पुढे यावे. त्यांची चित्रे पाहिली, तर गालांवरच्या आणि कपाळावरच्या अगदी फिक्या छटाही भट्टीत टिकवण्याचे त्यांचे कसब लक्षात येते, आणि या कामात सगळी परीक्षा त्या फिक्या छटांचीच असते.

इंग्लंडमध्ये हेच काम फेर्दिनां जूबेर या मूळच्या फ्रेंच उत्कीर्णकाराने 1860 मध्ये पेटंट घेऊन पुढे नेले. हे तेच जूबेर, ज्यांनी 1855 च्या ब्रिटिश चार पेनी टपाल तिकिटासाठी राणीची मुद्रा कोरली होती. 1862 च्या लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांची काचेवर भाजलेली छायाचित्रे मांडली गेली होती. आणि या सर्वांच्या पाठीशी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आल्फोन्स प्वातवँ यांचे रसायन उभे आहे. ड्यूक द ल्यूइन यांच्या बक्षिसाचा मोठा वाटा अखेर 1867 मध्ये प्वातवँ यांनाच मिळाला, तो मात्र छापील चित्रांसाठीच्या शोधांबद्दल.

प्रश्न : रंगाची पूड चित्राच्या गडद भागावरच कशी चिकटते? ती ‘फोटो’ कसा ओळखते? कृपया कृती टप्प्याटप्प्याने सांगावी.

उत्तर : प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो.

मुंगो पाँटन या स्कॉटिश गृहस्थांनी 1839 मध्ये दाखवून दिले की पोटॅशियम डायक्रोमेट लावलेला कागद उजेडात रंग बदलतो. पुढे 1852 मध्ये छायाचित्रणाचे इंग्रज प्रवर्तक टॅलबट यांनी जिलेटिनमध्ये डायक्रोमेट मिसळले, तर प्रकाश पडलेला भाग कठीण होऊन पाण्यात विरघळेनासा होतो, हे वापरात आणले. चिनी मातीवरच्या छायाचित्रांसाठी जिलेटिनऐवजी मध, साखर, डिंक किंवा अंड्याचा पांढरा बलक असे हवेतला दमटपणा शोषून चिकट होणारे पदार्थ घेतले गेले. जूबेर यांच्या मिश्रणात अमोनियम डायक्रोमेट, मध आणि अंड्याचा पांढरा बलक होता. हे मिश्रण काचेच्या तुकड्यावर ओतून मंद आचेवर सुकवले की गुळगुळीत, पिवळसर थर तयार होतो. अंधारात तो तसाच ठेवला तर हळूहळू दमटपणा शोषून बोटाला चिकटेल इतपत ओशट होतो; प्रकाशात ठेवला तर मात्र कठीण होतो आणि चिकटपणाची ताकद गमावतो. प्रकाशाचे प्रमाण कमी-जास्त असेल, तर चिकटपणाही त्याच प्रमाणात कमी-जास्त राहतो. मधल्या छटा याच एका गुणामुळे शक्य होतात.

आता या थरावर व्यक्तीचे चित्र टेकवतात, पण नेहमीसारखी निगेटिव्ह नव्हे, तर काचेवर तयार केलेली पॉझिटिव्ह. ती सहसा मूळ निगेटिव्हवरून ओल्या कलोडियनच्या (सुकल्यावर पातळ पारदर्शक फिल्म होणाऱ्या द्रावणाच्या) पद्धतीने करीत. पॉझिटिव्हमध्ये केस, कोट, डोळ्यांची बुबुळे काळी असतात. त्यांच्याखालचा थर प्रकाशापासून वाचतो आणि चिकट राहतो. कपाळ, कॉलर, पांढरी पार्श्वभूमी यांखालचा थर मात्र प्रकाश खाऊन कोरडा होतो. उन्हात काही मिनिटे ठेवून आत आणल्यावर थरावर जेमतेम दिसेल अशी पुसट प्रतिमा असते.

यानंतरचा टप्पा कारागिराची खरी कसोटी पाहतो. थर थोडा वेळ खोलीच्या हवेत ठेवून त्याला दमटपणा शोषू देतात, मग अगदी मऊ कुंचल्याने बारीक वाटलेली रंगपूड त्यावर हलकेच गोलाकार फिरवतात. चिकट भाग पूड धरतो, कोरडा भाग सोडून देतो, आणि कुंचल्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक आधी केसांची काळी कडा, मग डोळे, मग गालाखालची सावली अशी प्रतिमा वर येऊ लागते. हवा फार दमट असेल तर पूड सगळीकडेच बसते आणि चेहरा काळवंडतो. फार कोरडी असेल तर कुठेच बसत नाही. एखाद्या भागात पूड कमी धरली जात असेल, तर कारागीर तेवढ्याच जागेवर तोंडाने हलकी वाफ सोडून चिकटपणा जागा करीत आणि पुन्हा कुंचला फिरवीत. छायाचित्रणाच्या इतिहासात प्रतिमा ‘उगवताना’ हाताने इतकी बारीक सूत्रे हलवता येणारी रीत दुसरी क्वचितच असेल, आणि म्हणूनच एकाच निगेटिव्हपासून केलेल्या दोन चकत्या कधीही अगदी एकसारख्या नसतात.

प्रतिमा मनासारखी झाली की तिच्यावर कलोडियनचा पातळ थर ओततात. तो सुकल्यावर काच किंचित आम्लयुक्त पाण्यात बुडवली की डायक्रोमेट धुऊन निघते आणि कलोडियनची नाजूक फिल्म रंगपुडीची प्रतिमा पोटाशी घेऊन सुटी होते. डायक्रोमेट पूर्ण निघून जाणे फार महत्त्वाचे असते, कारण राहिलेल्या अंशाचे भट्टीत क्रोमियम ऑक्साइड बनते आणि चेहऱ्यावर हिरवट झाक येते. ही फिल्म पाण्याखालीच एनॅमलच्या किंवा पोर्सेलिनच्या पृष्ठभागावर सरकवून, सुरकुत्या काढून, सुकवतात. फिल्म उलटी बसवली तर चित्र डावे-उजवे उलट होते, म्हणून पॉझिटिव्ह कोणत्या बाजूने टेकवायची हे सुरुवातीलाच ठरवावे लागे. चकतीवरील पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर आलेली दिसते का, हे पाहिले की हा हिशोब बरोबर झाला होता की चुकला होता हे आजही सांगता येते.

शेवटी भाजणी. ही मफल भट्टीत होते, म्हणजे ज्वाळा आणि धूर आतल्या वस्तूला लागू न देणाऱ्या पेटीत. कलोडियन जळून जाते, मग रंगपुडीत मिसळलेला फ्लक्स, म्हणजे शिसे आणि बोरॅक्स असलेली लवकर वितळणारी काच, पाघळू लागतो. तांब्यावरच्या छोट्या चकतीला यासाठी काही मिनिटे पुरतात. कारागीर भट्टीच्या झरोक्यातून पाहत राहतो. मातकट दिसणारी प्रतिमा एकाएकी ओली झाल्यासारखी चमकू लागते, तो क्षण चकती बाहेर काढण्याचा. थोडा उशीर झाला की फ्लक्स रंगाचे सर्वांत पातळ थर पोटात घेतो आणि गालाच्या कोवळ्या छटा कायमच्या नाहीशा होतात. केस आणि कोट मात्र जसेच्या तसे राहतात, त्यामुळे जास्त भाजलेली चकती पाहताना मुखवटा पाहिल्यासारखे वाटते.

जाता जाता एक गंमतीची गोष्ट. प्वातवँ यांनी 1860 च्या सुमारास आणलेल्या दुसऱ्या मिश्रणात फेरिक क्लोराइड आणि टार्टारिक आम्ल होते, आणि त्यात सगळा व्यवहार उलटा चाले : प्रकाश पडलेला भागच दमटपणा शोषून चिकट होई. साहजिकच तिथे पॉझिटिव्हऐवजी साधी निगेटिव्ह वापरावी लागे.

प्रश्न : एवढा खटाटोप करण्यापेक्षा नेहमीची चांदीची प्रतिमा सरळ पोर्सेलिनवर उतरवून भाजली असती तर काय बिघडले असते?

उत्तर : चेहरा पिवळा झाला असता. चांदी तापलेल्या काचेच्या संपर्कात आली की तिचे आयन काचेत शिरतात आणि पिवळा ते अंबरी रंग देतात. चर्चच्या खिडक्यांतील काचचित्रांत चौदाव्या शतकापासून पिवळा रंग याच युक्तीने मिळवत आले आहेत. खिडकीतल्या संताच्या केसांना हे शोभते, कोटाच्या काळ्या रंगाला शोभत नाही.

तरीही चांदीच्या प्रतिमेचा उपयोग करणारी एक समांतर रीत होतीच. कलोडियनमधील चांदीची प्रतिमा प्लॅटिनम, सोने, पॅलेडियम किंवा इरिडियम यांच्या क्षारांच्या द्रावणात ठेवली, की चांदीची जागा हळूहळू तो धातू घेतो. अशी बदललेली फिल्म पोर्सेलिनवर बसवून, वर फ्लक्सचा पातळ थर देऊन भाजली, तर काळी किंवा उबदार राखी प्रतिमा मिळते. इरिडियमचा काळा रंग विशेष देखणा, पण धातू महाग. या रीतीत तपशील पूड चिकटवण्याच्या रीतीपेक्षा अधिक धारदार येतात, कारण कुंचल्याचा मध्ये हात नसतो. पण मधल्या टप्प्यात सुधारणा करण्याची सोयही तेवढीच कमी असते. मला स्वतःला पूड चिकटवलेल्या चकत्यांचा किंचित मऊपणा व्यक्तिचित्राला अधिक जुळणारा वाटतो, पण हा आवडीचा भाग झाला.

प्रश्न : काही चकत्या तांब्याच्या असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूलाही एनॅमल असते. जी बाजू कोणाला दिसणारच नाही, तिच्यावर एनॅमल कशासाठी? चकती किंचित फुगीर का असते?

उत्तर : दोन्हींचे कारण एकच, ते म्हणजे थंड होताना पडणारा ताण. तांबे तापल्यावर एनॅमलपेक्षा जास्त प्रसरण पावते आणि थंड होताना जास्त आकसते. एनॅमल एकाच बाजूला असेल, तर पत्रा वाकतो आणि एनॅमलला तडे जातात किंवा त्याच्या टिकल्या उडतात. मागे तेवढाच थर दिला, की दोन्हीकडची ओढ समतोल राहते. पत्र्याला मुळातच थोडा फुगवटा दिला, तर तो ताणाला अधिक चांगला पुरून उरतो. चकती उलटी करून पाहिल्यावर मागे ठिपकेदार, ओबडधोबड एनॅमल दिसले, तर वस्तू खरोखर भट्टीतून गेलेली आहे याचा तो चांगला पुरावा होय.

प्रश्न : माझ्याकडे वारशाने आलेले एक लंबगोल, पांढरे पदक असून त्यावर एका स्त्रीचे तपकिरी छायाचित्र आहे. ते भाजलेले आहे की नुसते चिकटवलेले, हे वस्तूला इजा न करता कसे ओळखावे?

उत्तर : आधी एक भिंग आणि एक तिरपा उजेड घ्यावा, याहून अधिक काही लागत नाही. चकती उजेडाखाली हळूहळू कलती करून पृष्ठभागावरच्या प्रकाशाच्या प्रतिबिंबाकडे पाहावे. भाजलेल्या चित्रात रंग आणि झिलई एकजीव असल्याने प्रतिबिंब चेहऱ्यावरून आणि पार्श्वभूमीवरून अखंड सरकते. फार तर गडद भागात चमक किंचित वेगळी भासते. चिकटवलेल्या कागदाची किंवा जिलेटिनच्या थराची कडा भिंगाखाली दिसते, तिथे तो उचललेला किंवा पिवळा पडलेला असतो. भिंगाखाली नियमित ठिपक्यांची जाळी दिसली, तर ते छापखान्यातून आलेले चित्र आहे आणि बहुधा उत्तरकाळातले आहे. पूड चिकटवलेल्या प्रतिमेत ठिपके नसतात. गडद भागात बारीक, अनियमित कण आणि कधी कधी कुंचल्याच्या फेऱ्यांची पुसट दिशा दिसते.

गोंधळ करणाऱ्या वस्तू मुख्यतः तीन. पहिली ओपलोटाइप, म्हणजे दुधी काचेवर उतरवलेले छायाचित्र. हा प्रकार 1857 मध्ये लिव्हरपूलमध्ये पेटंट झाला आणि दिसायला फार सुंदर असतो, पण त्यातली प्रतिमा भाजलेली नसते, त्यामुळे ती खरवडली जाते. दुसरी सेल्युलॉइडची पदके. 1896 मध्ये व्हाइटहेड अँड होग कंपनीने बिल्ल्यांचे पेटंट मिळवल्यावर अशा वस्तूंचा पूर आला. त्या हाताला हलक्या आणि उबदार लागतात, तर चिनी माती गार आणि जड लागते. तापलेली सुई टोचून सेल्युलॉइड ओळखण्याचा सल्ला काही जण देतात. तो चुकूनही अमलात आणू नये, सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

तिसरी वस्तू लिथोफेन. पातळ, न रंगवलेल्या पोर्सेलिनची ही पाटी उजेडासमोर धरली की तिच्यात छायाचित्रासारखे छटांचे चित्र दिसते आणि खाली ठेवली की नुसते उंचसखल पांढरे उरते. पॅरिसचे बॅरन पॉल द बूर्ग्वाँ यांनी तिचे पेटंट 1827 मध्ये घेतले, म्हणजे छायाचित्रण जगासमोर येण्याच्या बारा वर्षे आधी. मेणात हाताने कोरलेल्या नक्षीवरून केलेल्या या पाट्यांचा छायाचित्राशी संबंध नाही, तरी विक्रेते पुष्कळदा तो जोडतात.

प्रश्न : इंग्लंडमधील जुन्या टाइल्सवर ग्लॅडस्टन यांच्यासारख्या पुढाऱ्यांचे हुबेहूब, फोटोसारखे चेहरे असतात. त्यांचाही समावेश याच प्रकारात करावा का?

उत्तर : नाही. स्टॅफर्डशरमधील हॅनली येथील शेरविन अँड कॉटन या कारखान्यासाठी जॉर्ज कार्टलिज यांनी केलेल्या या टाइल्स कमी-अधिक खोलीच्या खड्ड्यांवर अवलंबून असतात. सर्वभर ओतलेली रंगीत, पारदर्शक झिलई खोल भागात जास्त साचते आणि गडद दिसते, उथळ भागात पातळ राहते आणि उजळ दिसते. ही युक्ती 1840 च्या दशकात फ्रान्समधील रूबेल येथे वापरली जात होती. फोटोवर नजर ठेवून घडवलेले हे शिल्प आहे. प्रकाशाने स्वतः काढलेले चित्र नाही. 

प्रश्न : अशा चित्रांत गालांवर गुलाबी आणि वस्त्रांवर निळा रंग दिसतो. तोही छायाचित्रणानेच आलेला असतो का?

उत्तर : मुळीच नाही. प्रकाशाने दिलेली प्रतिमा एकाच रंगाची असते, बहुतेक वेळा लोह आणि मँगनीज यांचा तपकिरी-काळा. पहिल्या भाजणीनंतर चित्रकार एनॅमलचे रंग हाताने भरतो आणि चकती पुन्हा भट्टीत जाते, कधी तीन-चार वेळा. ज्या रंगाला सर्वांत जास्त उष्णता लागते तो आधी, नाजूक रंग शेवटी. कोबाल्टचा निळा बराच सोसतो, पण सोन्यापासून मिळणारा गुलाबी थोडी कमी-जास्त आच लागली की मळकट किंवा जांभळट होतो. काही स्वस्त कामांत मात्र हे रंग भाजलेले नसतात, नुसते वरून लावलेले असतात, आणि पुढचे उत्तर वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

प्रश्न : अशी चकती मळली असेल तर ती स्वच्छ कशी करावी?

उत्तर : शुद्ध केलेल्या पाण्याने ओलसर केलेला मऊ कापूस कोपऱ्यात आधी फिरवून पाहावा. कापसावर रंग उतरला, तर वरचे रंग न भाजलेले आहेत असे समजून तिथेच थांबावे. रंग उतरला नाही, तर बाकी भाग तसाच पुसून लगेच कोरडा करावा. व्हिनेगर, लिंबूवर्गीय क्लिनर किंवा कोणतेही आम्ल अजिबात वापरू नये. जुन्या फ्लक्समध्ये शिसे भरपूर असे आणि आम्लाने असा थर निस्तेज होतो. घासण्याची पूडही टाळावी, कारण झिलईवरचे रंग झिलईपेक्षा मऊ असतात. तांब्याच्या चकतीला तडा गेलेला असेल, तर पाणी आत शिरून तांबे हिरवे पडते, तेव्हा अशी चकती कोरड्या कुंचल्यानेच झाडावी. थडग्यावरच्या चकत्यांना धोका असतो तो बहुधा चित्र विटण्याचा नव्हे, तर भोवतालच्या गोष्टींचा : गंजून फुगणाऱ्या लोखंडी खिळ्यांमुळे चकती फुटते, गोठणारे पाणी तिला दगडातून उचलते, आणि दगड मारणारे हात तर आहेतच.

प्रश्न : आज हे काम कोणी करू शकेल का? मला घरी प्रयत्न करायची इच्छा आहे.

उत्तर : पूड चिकटवण्याची मूळ रीत आजही काही कलाकार वापरतात, पण डायक्रोमेट घरी हाताळू नये असेच सांगेन. ते षट्संयुजी क्रोमियमचे संयुग आहे, त्वचेला जखमा करते, श्वासावाटे गेल्यास कर्करोगाचा धोका वाढवते आणि सांडपाण्यात सोडणे धोकादायक आहे. शिसे असलेल्या रंगांच्या बारीक पुडीचेही तसेच.

आजच्या थडग्यांवरच्या चकत्या सहसा डिकॅलने होतात, म्हणजे भट्टीत टिकणाऱ्या रंगांनी खास कागदावर छापलेले चित्र पाण्यात सोडवून पोर्सेलिनवर सरकवतात आणि भाजतात. घरी प्रयोग करणाऱ्यांना सर्वांत सोपा मार्ग असा, की लोह ऑक्साइड असलेले काळे टोनर वापरणाऱ्या लेझर प्रिंटरवर डिकॅल कागदावर चित्र छापावे. भाजणीत टोनरमधील प्लास्टिक जळून जाते आणि फक्त लोह ऑक्साइड उरते, त्यामुळे काळे छापलेले चित्र भट्टीतून लालसर तपकिरी होऊन बाहेर येते. सर्वच टोनरमध्ये लोह नसते. ज्यांत केवळ कार्बन असतो त्यांचे चित्र भाजणीत पूर्ण नाहीसे होते, म्हणून आधी एका फुटक्या तुकड्यावर चाचणी घ्यावी. भट्टी मात्र खरीच लागेल, आणि जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर बाहेर जाण्याची सोयही. स्वयंपाकघरातला ओव्हन साधारण 250 ते 300 अंशांच्या पुढे जात नाही आणि त्या तापमानाला झिलई जागची हलतसुद्धा नाही. तेव्हा एखाद्या कुंभकला शाळेत किंवा स्टुडिओत चौकशी करून त्यांच्या भट्टीत आपला तुकडा ठेवू देतात का, हे विचारावे.